ऑपरेशन दाखवा, पण थेट नको

खरे ऑपरेशन टीव्हीवर दाखवावे की नाही, हा वाद अधूनमधून उफाळतो आणि दर वेळी रक्तापाशी येऊन अडतो. एक जण म्हणतो, जेवणाच्या वेळेला कापाकापी कसली दाखवता, घरात लेकरं असतात. दुसरा म्हणतो, जनजागृती होते, विज्ञान घरोघरी जाते, बिघडले कुठे? दोघांचाही समज असा की बघणाऱ्याला मळमळेल की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. ज्या मराठवाड्यात अडलेले वासरू ओढून काढायला अर्धी आळी जमते आणि जत्रेतला बोकड लेकरांच्या देखत कापला जातो, तिथे रक्ताचे एवढे अप्रूप कशाला? विचारायचे प्रश्न निराळेच आहेत. कॅमेरा कोणाचा? टेबलावर कोण आहे आणि त्याने होकार कशाच्या भरीस पडून दिला? चित्रणातले कोणते तुकडे गाळले? आणि बघून उठलेल्या माणसाला उद्या डॉक्टरपुढे बसल्यावर एखादा नेमका प्रश्न विचारता येईल का? माझे म्हणणे आधीच मांडतो. खरी ऑपरेशने टीव्हीवर दाखवायलाच हवीत, मराठीतून, नीट उलगडून, कंटाळवाण्या भागांसकट. पण ती थेट प्रक्षेपित करू नयेत, आणि ज्याला ऑपरेशन विकायचे आहे त्याच्या हाती ते चित्रण मुळीच देऊ नये.

आपल्याकडे ऑपरेशन ही नवलाई राहिलेली नाही. शिझर, मोतीबिंदू, अपेंडिक्स, मुतखडा, गर्भपिशवी. यातले एकही न झालेले मोठे कुटुंब सापडणे अवघड. टाके किती पडले, बिल किती झाले, हे सगळ्या भावकीला तोंडपाठ असते. आत नेमके काय केले, हे मात्र ज्याचे केले त्यालाही ठाऊक नसते. याची किंमत किती असू शकते ते बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०१९ साली ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरात जवळपास सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण तीनच्या आसपास आहे. यामागे कामाचा दिवस बुडाला की लागणारा खाड्याचा दंड होता, आगाऊ घेतलेली उचल फेडायची घाई होती, फडावर ना आडोसा ना पाणी होते. टीव्ही बघून यातले काहीही सुटत नाही, हे कबूल. पण या साखळीतली शेवटची कडी दवाखान्यात होती. ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर होकार मिळत गेला. बैल घेताना दात मोजणारी माणसे शरीरातला अवयव देताना एकही प्रश्न विचारत नाहीत, कारण काय विचारायचे तेच माहीत नसते.

आता समजा, या बायांनी गर्भाशय काढण्याचे एक ऑपरेशन आधी डोळ्यांनी पाहिले असते. काय दिसले असते? पहिले म्हणजे, ती ‘पिशवी’ धान्याच्या पोत्यासारखी लोंबणारी वस्तू नसते. गर्भ नसताना गर्भाशय मुठीएवढे असते: साडेसात सेंटिमीटर लांब, पाच रुंद, अडीच जाड. त्याला दोन्ही बाजूंनी बंध आणि रक्तवाहिन्या असतात. प्रत्येक ठिकाणी चिमटा लावायचा, कापायचे, बांधायचे, मग पुढे सरकायचे. दुसरे म्हणजे, गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी जाते. रक्तस्राव सुरू झाला आणि घाईत भलत्या जागी चिमटा बसला, तर ती नळी कापली जाते किंवा टाक्यात सापडते. मग लघवी पोटात किंवा योनीमार्गे झिरपू लागते आणि दुसरे ऑपरेशन येते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढ्या दोन ग्रंथी दिसतात, त्या बीजांडकोश. गर्भाशय काढताना त्या ठेवायच्या की काढायच्या, हा स्वतंत्र निर्णय असतो. पस्तिशीच्या बाईच्या त्याही काढल्या, तर तिची पाळी जाण्याची अवस्था दुसऱ्याच दिवशी सुरू होते; हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे चित्र पाहिलेली बाई डॉक्टरला एवढे तरी विचारेल: ‘बीजांडकोश ठेवणार का? काढलेला भाग तपासायला पाठवणार का? रिपोर्ट माझ्या हातात देणार का?’ हे तीन प्रश्न दहा भाषणांनी तोंडी येणार नाहीत.

गैरसमजांचा निचरा करण्याची ताकद दृश्यात असते, हे मोतीबिंदूत आणखी स्वच्छ दिसते. ‘अजून पिकला नाही, पिकू द्या’ हे वाक्य खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. नैसर्गिक भिंग जसजसे जुने होते तसतसा त्याचा गाभा तपकिरी, घट्ट होत जातो. दुर्बिणीखाली तो फोडताना ध्वनिलहरींची जास्त ऊर्जा लागते आणि तिचा मार बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला बसतो. फारच पिकलेला मोतीबिंदू आतल्या आत पाझरून डोळ्यातला दाबही वाढवतो, दुखून दुखून माणूस हैराण होतो आणि नजर कायमची जाऊ शकते. हे शब्दांत सांगितले तर कानाआड होते. पडद्यावर मात्र एक मऊ आणि एक दगडासारखा मोतीबिंदू शेजारी शेजारी दाखवला की काम झाले. बिनटाक्याचे साधे ऑपरेशन कसे चालते? डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे पाच टक्क्यांचे थेंब टाकून जंतू मारायचे. डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन द्यायचे. पांढऱ्या भागात सहा-साडेसहा मिलिमीटरचा तिरका बोगदा करायचा. भिंगाच्या पिशवीचे समोरचे आवरण गोल फाडायचे. गाभा सैल करून बाहेर सरकवायचा. पिशवी धुऊन तिच्यात कृत्रिम भिंग बसवायचे. बोगदा तिरका असल्याने डोळ्याच्या दाबानेच मिटतो. सरावलेल्या हाताला सगळे मिळून दहा मिनिटेही पुरतात. पण या पिशवीची मागची भिंत चार मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या दहाव्या भागाहूनही पातळ असते. ती फाटली की डोळ्यातला जेलीसारखा द्रव पुढे येतो आणि दहा मिनिटांचे काम तासाचे होते. कार्यक्रमात फाटलेल्या भिंतीचेही एक प्रकरण हवे. केवळ सुरळीत ऑपरेशने दाखवली की लोकांना वाटते हा हातचा मळ आहे, आणि मग गुंतागुंत झाली की डॉक्टरने घात केला असे वाटते.

तीच गत कंबरेतल्या इंजेक्शनची. शिझरच्या वेळी पाठीत सुई टोचली म्हणून जन्माची कंबरदुखी लागली, असे म्हणणाऱ्या बाया घरोघरी आहेत. ती सुई जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीची असते. कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून ती आत जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. औषध दोनेक मिलिलिटर. पाच मिनिटांत पाय जड होतात. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीची कारणे गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांत, ढासळलेल्या स्नायूंत आणि वाकून उचलाव्या लागणाऱ्या ओझ्यात शोधावी लागतात. पण सुई दिसत नाही आणि पाठीमागे टोचलेले कधीच विसरत नाही.

विरोधकांचा पहिला मुद्दा भीतीचा. लोक घाबरतील आणि गरजेचे ऑपरेशनही टाळतील. हा आक्षेप जुना आहे. १९५८ साली बीबीसीने इंग्लंडमधल्या रुग्णालयांतून खरी ऑपरेशने टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली तेव्हा ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने नेमकी हीच ओरड केली होती. त्या ओरडीने कार्यक्रम बंद पडला नाही. पुढे थांबला, तरी काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला. तरी मुद्दा अगदीच पोकळ नाही. ज्याचे ऑपरेशन परवावर आले आहे, त्याने आदल्या रात्री उघडलेले पोट पाहू नये. आधी आवाजी सूचना हवी, वेळ रात्रीची हवी. पण जो भितो तो काय पाहून भितो? शेजाऱ्याने रंगवून सांगितलेली गोष्ट, मोबाइलवर फिरणारी दहा सेकंदांची फीत, सिनेमातले धडधडते यंत्र आणि बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर. भीतीचा पुरवठा आधीच मुबलक आहे. खऱ्या ऑपरेशनात बहुतेक वेळ विलक्षण शांतता असते, बारीकसारीक, एकसुरी हालचाली असतात. सिनेमाने शिकवलेली भीती जिरवायला तो एकसुरीपणाच बरा.

दुसरा मुद्दा याहून धारदार आहे, आणि तो विरोधक क्वचितच नीट मांडतात, म्हणून मीच मांडतो. पाहणे म्हणजे समजणे नव्हे. याचा उत्तम दाखला आपल्याच जुन्या राज्यातला आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळी, १८८८ आणि १८८९ मध्ये, हैदराबादेत क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाच्या धोक्याचा शोध घ्यायला दोन आयोग बसले. ब्रिटिश रेसिडेन्सीतले सर्जन एडवर्ड लॉरी त्यामागे होते, पैसा निजामाचा होता, दुसऱ्या वेळी तर लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने आपला माणूस पाठवला. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, डोळ्यांत तेल घालून निरीक्षण झाले आणि निष्कर्ष निघाला: क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची काळजी नको. हा निष्कर्ष चुकला होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की भूल उथळ असताना क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवून माणूस मारू शकतो. एवढ्या जाणत्या लोकांनी एवढे पाहून चूक केली, तर संध्याकाळी सहज टीव्ही लावणाऱ्याचे काय?

म्हणूनच नुसते दाखवणे पुरत नाही. काय पाहायचे ते सांगावे लागते. पित्ताशयाचे दुर्बिणीचे ऑपरेशन घ्या. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात, चार छिद्रे पाडतात, पित्ताशय वर उचलून धरतात. अजाण प्रेक्षकाला पिवळी चरबी आणि धूर दिसतो. निवेदकाने इथे थांबून सांगायला हवे की आता सर्जन एकही क्लिप लावणार नाही, जोवर तीन गोष्टी पटत नाहीत: पित्ताशयाची नळी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी साफ झाली, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच नळ्या उरल्या, एक पित्ताची, एक रक्ताची. कारण मुख्य पित्तनलिका पुष्कळदा पित्ताशयाच्या छोट्या नळीसारखीच दिसते आणि हजारात तीन-पाच जणांत तीच कापली जाते. कापली तर पुढची कित्येक वर्षे कावीळ, ताप, पुन्हा ऑपरेशन. हे पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट कायमची कळते. सर्जन मध्येच थांबला, वरिष्ठाला बोलावले किंवा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडले, तर तो हरलेला नसतो. बहुधा तेव्हाच त्याने रुग्ण वाचवलेला असतो. आणि गंमत अशी की हे ऑपरेशन सर्जन स्वतःही टीव्हीवरच बघत असतो. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हापासून थिएटरमध्ये पडदा आलेलाच आहे. वाद फक्त एवढाच की त्या पडद्याची वायर भिंतीपलीकडे न्यायची का.

इथे माझी आणि ‘दाखवा’ म्हणणाऱ्यांची वाट फुटते. त्यांना थेट प्रक्षेपण हवे असते; त्यात थरार आहे, खोटेपणाला वाव नाही, असे त्यांना वाटते. वैद्यकीय परिषदांत थेट ऑपरेशने दाखवण्याची प्रथा जुनी आहे आणि तिचा एक फायदा मान्य करायला हवा: शिकणारा डॉक्टर चालू ऑपरेशनात प्रश्न विचारू शकतो. पण टेबलावरच्या माणसाच्या बाजूने पाहा. प्रक्षेपणाची वेळ अकराची, तर भूल कधी द्यायची हे त्याच्या प्रकृतीवर ठरते की उपग्रहाच्या वेळेवर? सर्जन हाताने टाका घालतो आणि तोंडाने सभागृहाला उत्तर देतो. पाहुणा सर्जन असेल तर सिस्टर अनोळखी, भूलतज्ज्ञ अनोळखी, हत्यारे दुसऱ्याची. शेवटी, पाचशे माणसे बघत असताना ‘हे मला जमत नाही, पोट उघडतो’ म्हणायला जे धैर्य लागते ते सगळ्यांत नसते. २०१५ मध्ये दिल्लीत एका परिषदेसाठी परदेशी सर्जनने यकृताचे दुर्बिणीचे ऑपरेशन केले, ते थेट दाखवले गेले आणि रुग्ण पुढे दगावला. तो प्रक्षेपणामुळेच दगावला, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण प्रक्षेपण नसते तर त्याच हातांनी, त्याच वेगाने, त्याच मार्गाने ते ऑपरेशन झाले असते का, हा प्रश्न मागे उरतोच. २०२३ मध्ये हा सगळा विषय जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. युरोपातल्या मूत्ररोग सर्जनांच्या संघटनेने २०१४ च्या धोरणात थेट ऑपरेशनाच्या वेळी केवळ रुग्णाचे हित पाहणारा एक स्वतंत्र डॉक्टर थिएटरमध्ये असावा असा नियम घातला. ज्या कार्यक्रमात रुग्णासाठी वेगळा राखणदार नेमावा लागतो, तिथे बाकीचे कोणासाठी जमले आहेत हे उघड आहे.

‘मग चित्रण कापून-छाटून खोटे होईल’ असा प्रतिवाद येतो. होऊ शकते. पण थेट म्हणजे खरे, हाही भ्रमच. थेट कार्यक्रमासाठी रुग्ण निवडताना सडपातळ, तरणा, पूर्वी पोट न उघडलेला शोधण्याकडे कल असतो; छाटणी कॅमेरा सुरू होण्याआधीच झालेली असते. यावर उपाय साधा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात थिएटरमधले घड्याळ सतत दिसू द्यावे. तुकडा गाळला की घड्याळ उडी मारेल, आणि ती उडी का मारली ते निवेदकाने सांगावे. ‘इथे चाळीस मिनिटे आतड्याची चिकटलेली घडी सोडवण्यात गेली’ असे म्हटले तरी प्रेक्षकाला पुष्कळ काही समजते.

ध्वनिचित्रित कार्यक्रमाचा खरा लाभ मात्र वेगळा आहे, आणि तो संमतीत आहे. विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच: गरिबाची संमती ही संमती असते का? ज्या दवाखान्यात फुकट उपचार होणार, तिथल्या डॉक्टरला ‘शूटिंग नको’ म्हणण्याची किती जणांची छाती होईल? ‘साहेब म्हणतील तिथे अंगठा’ ही आपल्याकडची रीत. ऑपरेशनाच्या संमतीतच जिथे घोळ आहे, तिथे चित्रणाच्या संमतीचे काय घेऊन बसलात? एका ४४ वर्षांच्या बाईची दुर्बिणीतून तपासणी करायची संमती घेऊन ती भुलीत असताना तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले, अशा प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे.

या मुद्द्याला आपल्या इतिहासात एक बोलका चेहरा आहे, अक्षरशः चेहराच. कावसजी नावाचा मराठी बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे पातळ नाक बनवून ते कपाळावर चपटे पसरायचे, त्याच्या कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून दोन डोळ्यांमधला देठ तसाच ठेवून खाली वळवायची, काथाच्या लेपाने सांधायची आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरात ते लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आले आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू यांनी तेच ऑपरेशन लंडनमध्ये केले. पाहण्याने विद्या वाचते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ज्याने नाक केले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, विद्या मात्र जगभर गेली. आणि ज्याच्यावर केले त्या कावसजीचे नाव, जात, धंदा, चेहरा सव्वादोनशे वर्षे पाठ्यपुस्तकांत फिरतो आहे. त्याला हे चालले असते का, याबद्दल त्या पत्रात अक्षर नाही. लाभ आणि अन्याय एकाच चित्रात आहेत.

तेव्हा संमती दोनदा घ्यावी. एकदा ऑपरेशनाआधी, उपचार करणाऱ्या डॉक्टरने नव्हे तर तिऱ्हाइताने, ‘नाही म्हटले तरी तारीख तीच राहील’ हे लेखी देऊन. दुसऱ्यांदा टाके निघाल्यानंतर, चित्रण स्वतः बघून. दुसऱ्या वेळी नको म्हटले तर चित्रण पुसावे, कारण विचारू नये. थेट प्रक्षेपणात ही दुसरी संधी असूच शकत नाही. भुलीतल्या माणसाचे सगळे जगाने पाहून झालेले असते, आणि माझ्या लेखी त्याविरुद्धचा हा एकच मुद्दा पुरेसा आहे. चेहरा झाकला की ओळख लपली, असेही मानू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने ओळख पटेल असे फोटो परवानगीशिवाय छापायला मनाई केली आहे, पण तीनशे उंबऱ्यांच्या गावात हातावरचे गोंदण, आवाज, ‘औसा तालुक्यातली चार लेकरांची आई’ एवढे पुरते. तालुका सांगू नये, गोंदण झाकावे, आवाज दुसऱ्याचा वापरावा.

राहिला जाहिरातीचा मुद्दा. तो तर समोर घडतोच आहे. डॉक्टरने गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करू नये, असे तीच आचारसंहिता म्हणते. तरी मोबाइलवर ‘अवघ्या वीस मिनिटांत, वेदनेविना’ असली ऑपरेशनची दृश्ये दिवसभर फिरतात. त्यात खरे दृश्य असते, म्हणूनच ती जास्त फसवी असतात. यावर दृश्यांवरच बंदी हा उपाय नव्हे. बियाण्याच्या कंपनीच्या पत्रकावर बोंडांनी लदलेले झाड आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पीक प्रात्यक्षिक, दोन्ही कापसाचीच चित्रे. शेतकरी त्यांतला फरक ओळखतो, कारण प्रात्यक्षिकात बोंडअळीही दिसते, पाऊस लांबल्यावर काय झाले तेही दिसते, आणि दाखवणाऱ्याला पाकीट विकायचे नसते. शस्त्रक्रियेचे असे प्रात्यक्षिक कोण करू शकेल? ज्यांचा पगार ऑपरेशनांच्या संख्येवर ठरत नाही ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालये: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. तिथे रोज ऑपरेशने होतात, शिकवणारे आहेत, मराठीत समजावून सांगणारे निवासी डॉक्टर आहेत. प्रक्षेपणाला दूरदर्शन आहे. रुग्णालयाचे नाव पडद्यावर शेवटी, बारीक अक्षरांत आले तरी चालेल.

डॉक्टरांची भीती वेगळी आहे, आणि तिला हसून चालणार नाही. लोक अर्धवट पाहतील, मग नातेवाईक ‘टीव्हीत तर चिमटा उजवीकडून लावला होता’ म्हणून भांडतील; चित्रण न्यायालयात जाईल; हाणामारी होईल. हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरी हल्ले थांबलेले नाहीत. पण हाणामारीचे मूळ थिएटरबाहेरच्या बाकड्यावर असते. ‘तासाभराचे काम’ म्हणून आत नेलेला माणूस तीन तास बाहेर येत नाही, आणि त्या तासात भूल चढणे, नळ्या घालणे, शुद्धीवर येणे धरलेले नाही, हे कोणी सांगितलेले नसते. कॅमेऱ्याचे म्हणाल तर तो आत आधीच शिरलेला आहे. सरकारी योजनेतल्या अनेक ऑपरेशनांच्या दाव्याला फोटो जोडावे लागतात, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनाचे चित्रण रुग्णाला पेन ड्राइव्हवर देणारे सर्जनही आहेत. विमावाल्याला दिसते, रुग्णाला दिसते, मग चारचौघांनीच काय घोडे मारले?

डॉक्टरांनी खरे तर आग्रह धरावा तो कंटाळवाणे भाग दाखवण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनाची तपासयादी १९ मुद्द्यांची आहे आणि तीन वेळा थांबून वाचायची असते: भुलीआधी, कापण्याआधी, रुग्ण बाहेर नेण्याआधी. नाव काय, बाजू कोणती, कशाची ॲलर्जी, रक्त तयार आहे का. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. यात नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. पोट शिवण्याआधी सिस्टर मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजते, मोठ्याने. फळ्यावर लिहिलेला आकडा आणि हातातला आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, टाका घालत नाही. सगळे थिएटर एका मॉपसाठी दहा मिनिटे खोळंबते. संपादक हा तुकडा पहिल्यांदा कापेल. मी असतो तर तोच पूर्ण ठेवला असता.

आणि अशा मालिकेच्या पहिल्या भागात ऑपरेशन नसावे. बाह्यरुग्ण विभागातली एक खोली असावी. तिशीतली बाई, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, कोणीतरी ‘पिशवी काढून टाक’ म्हटलेले. डॉक्टर आतून तपासतात, गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे सौम्य व्हिनेगरच, लावून मिनिटभर थांबतात. कॅमेराही थांबतो. पांढरा डाग उमटत नाही, म्हणजे कॅन्सरची शंका घ्यावी असे काही दिसत नाही. जंतुसंसर्गावरच्या गोळ्या तिला, आणि त्याच तिच्या नवऱ्याला. नवरा बाहेर उभा असतो. मला कशाला, असे विचारतो. त्याला समजावून सांगायला लागतात तेवढी चार मिनिटे, न कापता.